दहापैकी चार

ती. वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या तो मनातल्या मनातच घालते, पण पोचला असं समजावं). तुमच्या पायाची सूज उतरली का, आणि कानाचं यंत्र कानात असतं की अजून कपाटात कापसात गुंडाळलेलं असतं, ते कळवावं. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलंच तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही समोरच्याची बाजू घेता, मग समोरचा कोण हे कळलेलं असो वा नसो. पत्रात निदान मला कोणी मधे तोडत नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल आहोत हाच सगळा घोळ आहे. तो सविस्तर सांगते. चष्मा लावून, नीट बसून वाचा.

लेकीला पाचव्या महिन्यात उलट्या थांबेनात म्हणून तुमचे बंधुराज आणि मी ठरल्यापेक्षा लवकर इकडे निघून आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. उलट्या आम्ही पोचलो त्याच दिवशी थांबल्या (श्रेय तुमच्या बंधुराजांनी घेतलं), पण तारखांचं गणित बिघडलं ते बिघडलंच. इथे पाहुण्याला राहायची परवानगी मिळते ती आजारपणाच्या विम्यावर. विमा आहे तोवर माणूस पाहुणा, विमा संपला की माणूस सामान. आमचा विमा या महिनाअखेर संपतो आणि बाळाची तारीख आहे पुढच्या महिन्याच्या मध्यावर. म्हणजे विमा वाढवून मिळाला तर नातवंडाला पहिली आंघोळ मी घालणार, आणि नाही मिळाला तर त्याचं तोंड फोनच्या पडद्यावर बघणार, तेही जावईबापूंचा अंगठा मधे आला नाही तर. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून पुढचं वाचा, कारण तुम्ही पत्र वाचताना मुद्दा सोडून अक्षराचं वळण बघत बसता.

आता विमा म्हणजे काय ते सांगते. मलाही नीट माहीत नव्हतं. जावईबापूंनी बोट ठेवलं तिथे सही केली होती. जावईबापूंनी (माणूस सज्जन आहे, फक्त कुठलीही गोष्ट समजावायला त्याला भांडी लागतात) जेवणाच्या टेबलावर एक कप आणि एक बशी मांडली. कप म्हणजे साधी पॉलिसी. हॉस्पिटलचा खर्च आधी कपात पडतो. कप लहान असतो. तो भरून वाहायला लागला की सांडलेलं झेलायला खाली बशी हवी, ती बशी म्हणजे टॉप-अप. तिला टॉप म्हणायचं आणि ती ठेवायची खाली, ही विसंगती मी तिथल्या तिथे दाखवून दिली, पण "आई, ते नुसतं उदाहरण आहे हो," असं म्हणून त्यांनी बशी उचलून ठेवली. बशीचे पैसे ते स्वतःच्या पगारातून भरतात, आणि आम्ही विषय काढला की खिडकीबाहेर बघतात. मला एवढंच कळलं की आजारी पडलं तरी चालेल, सोय केलेली आहे. कसं आजारी पडायचं याचेही नियम असतात हे मला कपानंही सांगितलं नाही आणि बशीनंही नाही.

गेल्या बुधवारी दुपारी मी बाळासाठी आणलेल्या दुपट्यांना इस्त्री करत होते. (तुम्ही शिवलेलीच ती. कोपरे काटकोनात नाहीत, पण कापड मऊ आहे.) एकाएकी डाव्या कुशीत कोणीतरी कंपासचं टोक रोवलं आणि तिथून सावकाश वर्तुळ काढायला घेतलं. मी इस्त्री बंद केली, उभी करून ठेवली, वायर गुंडाळली आणि मग जिन्याच्या पायरीवर बसले. तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, तरी लेकीचा चेहरा पांढरा पडला. आई भर दुपारी, काम अर्धवट टाकून बसली आहे, हे तिनं जन्मात बघितलेलं नाही. तुमच्या बंधुराजांनी परिस्थिती ताबडतोब हातात घेतली, म्हणजे स्वतःचे मोजे शोधायला सुरुवात केली. ते त्यांच्या पायातच होते. जावईबापू ऑफिसातून गाडी घेऊन आले आणि आम्ही चौघं निघालो. वाटेत मी सोडून बाकी तिघं कण्हत होते.

इथल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाचं दार आपोआप उघडतं आणि त्यानंतर काहीही आपोआप होत नाही. खुर्च्या एकमेकींना लोखंडी दांडीनं जखडलेल्या, त्यामुळे टोकाचा माणूस शिंकला की रांगभर माणसं हलतात. भिंतीवर एक पडदा, त्यावर नंबर. काचेमागे एक नर्स, केस घट्ट बांधलेली, नखं कापलेली, बोलायला मृदू. मला आवडली. तिनं काचेखालून एक पट्टी माझ्याकडे सरकवली. पट्टीवर ओळीनं चेहरे काढलेले, पहिला हसरा आणि शेवटचा धाय मोकलून रडणारा. (चित्रकला तुमच्या वर्गातल्या मुलांच्या दर्जाची. तुम्ही आठ दिले असते.) चेहऱ्यांखाली शून्य ते दहा आकडे. तिनं विचारलं, तुमचं दुखणं दहापैकी किती?

वन्सं, निवृत्त झाल्यापासून इतका जबाबदारीचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. भाजीवाला विचारतो ते किती किलो, लेक विचारते ती किती वाजता. मार्क किती, हे विचारणारं कोणी उरलंच नव्हतं. मी पाठ ताठ केली (कुशीतलं वर्तुळ तेव्हा पाऊण झालं होतं) आणि आधी विचारलं की दहा म्हणजे काय ते स्पष्ट करा. ती म्हणाली, तुम्हाला कल्पना करता येईल असं सगळ्यात भयंकर दुखणं म्हणजे दहा. आता मला कल्पना फार चांगली करता येते. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. मी क्रमानं गेले. उकळत्या तेलाची कढई, दहा. हत्तीचा पाय, नऊ. भूल न देता पाय कापणं, आठ. कॉन्व्हेंटमध्ये असताना माझी अक्कलदाढ काढली होती ती पाच. लेकीचं बाळंतपण सहा. लेक शेजारी पोटावर हात ठेवून उभी होती, ती कानाशी म्हणाली, "आई, मी फक्त सहा?" मी म्हटलं, आधी पाचच होतीस, डोकं मोठं निघालं म्हणून सहा. तर या हिशेबानं कुशीतलं दुखणं भरलं साडेतीन. पट्टीवर अर्धे मार्क नव्हते म्हणून मी सांगितलं, चार.

माझे चार म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमची स्मरणशक्ती तुमच्या सोयीनं चालते म्हणून सांगतेच. आपल्या शाळेत माझ्याकडून दहापैकी सात मिळवलेला एकच मुलगा होता. तो आता पूल बांधतो आणि भेटला की अजून त्या सातांबद्दल सांगतो. माझ्या चारांवर मुलं घरी पेढे न्यायची. आणि तुम्ही मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून माझ्या निकालावर लाल शाईनं ग्रेस मार्कांची खैरात करायचात, माझा तीन दिसला की त्याचा पाच, पाच दिसला की आठ. "पोरं आहेत गं, जाऊ दे," म्हणायचात. जाऊ दिलं, वन्सं. मी घरात येऊनही त्यावरून कधी बोलले नाही. (जेवताना बोलले असेन. स्वयंपाकघरातही.) पण हिशेब ठेवला.

आता कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मदरनी शिकवलं होतं की दुखलं तर ओरडायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं, आणि जी मुलगी गप्प बसते तिच्याकडे आधी लक्ष दिलं जातं. मदरना या देशाचा अनुभव नव्हता. इथे पाच आणि त्यावरचे सरळ आत जातात, चारवाले खुर्चीवर बसतात. माझ्या समोरून एक दांडगा गृहस्थ आत गेला, त्याच्या बोटात किल्ल्यांची कडी अडकली होती. सात म्हणाला. एक बाई गेली, तिला मांजरानं बोचकारलं होतं. आठ. ओरखडा बघायला मी चष्मा पुसला तरी दिसेना. असली सढळ परीक्षा मी उभ्या आयुष्यात बघितली नाही. तुम्ही असतात तर तिथेच नोकरी धरली असती.

आणि मग तुमचे बंधुराज. त्यांना कोणी काही विचारलेलं नव्हतं. ते नुसते सोबत आले होते. पण माझ्याकडे बघून बघून त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, त्यांनी छातीवर हात ठेवला (खरं म्हणजे खिशातला चष्मा चाचपायला) आणि खुर्चीतून ओघळले. खुर्च्या जखडलेल्या असल्यामुळे रांगेतले सगळेच थोडे ओघळले. नर्स धावत आली. तिनं विचारलं, किती? हे म्हणाले, दहा. तिनं विचारलं, कुठे? हे म्हणाले, "सगळीकडे." पुढच्या क्षणी चाकांचा पलंग आला, पडदा ओढला गेला, अंगाला वायरी लागल्या, एक डॉक्टर डोक्याशी, एक पायाशी. यांना चटका लागला तरी नऊ, पापड जास्त भाजला तरी सात, हे इथे कोणाला ठाऊक असणार? रात्रभर ठेवून घेतलं. खिडकीची खोली, वरखाली होणारा पलंग, सकाळी टोस्ट आणि जाम, बटण दाबलं की माणूस हजर. निदान झालं गॅसेस. सगळा खर्च कपात पडला, कप भरून वाहिला, बशीनं झेलला. यांना एक पैसा द्यावा लागला नाही. निघताना नर्सनं यांचा हात हातात घेऊन तब्येतीला जपायला सांगितलं, ते अजून सांगतात.

मी मात्र खुर्चीत. कुशीतलं वर्तुळ पुरं झालं, त्यानं दुसरं घेतलं. मी समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजल्या आणि त्यांचं क्षेत्रफळ काढलं. लेकीला मी जबरदस्तीनं घरी पाठवलं (तिच्या अवस्थेत तिथे कोण शिंकतं, कोण खोकतं), आणि जावईबापू माझ्या खुर्चीपासून यांच्या पडद्यापर्यंत येरझाऱ्या घालत होते. शेवटी मी प्रसाधनगृहात गेले, आणि तिथे तो प्रश्न आपोआप सुटला. मूतखडा होता. पडला. तो मी कसा मिळवला ते विचारू नका. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या बाईनं लिहायच्या गोष्टी नव्हेत त्या. धुऊन, पुसून, पर्समधल्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवला. नाचणीच्या दाण्याएवढा, पण चारी बाजूंनी काटे. बाहेर येऊन बसते तो माझा नंबर लागला.

डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, आता किती? मी म्हटलं, शून्य. त्याला बरं वाटलं. त्यानं पोट दाबलं, पाठ ठोकली, नाडी बघितली आणि लिहिलं की रुग्णाला काहीही झालेलं नाही. मी डबी उघडून खडा दाखवला. त्यानं तो उजेडात धरला, डोळे मोठे केले आणि म्हणाला की हा जर तुमचा असेल तर तुम्ही इतका वेळ गप्प कशा बसलात? मी म्हटलं, गप्प बसले नाही, चार म्हटलं. पण खडा आत असताना फोटो काढलेला नाही, तेव्हा तो आतलाच आहे याला पुरावा नाही, असं म्हणून त्यानं लिहिलेलं तसंच ठेवलं.

बिल आलं. आकडा लिहीत नाही, तुमच्या पायाची सूज आणखी चढेल. इथला नियम असा की माणूस इमर्जन्सीत गेला आणि खरोखरच काही निघालं तर खर्च विम्याचा, आणि काही नाही निघालं तर खर्च त्याचा. आजारी निघालात तर फुकट, धडधाकट निघालात तर दंड. तुमच्या बंधुराजांच्या गॅसेस ही इमर्जन्सी होती आणि माझा काटेरी खडा ही हौस होती. मी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडे एक मुलगा होता, अत्यंत नम्र, दर वाक्यानंतर मला तुमच्या भावना समजतात असं म्हणणारा. मी म्हटलं, भावना राहू दे बाळ, पैसे समज. साधी पॉलिसी देत नसेल तर टॉप-अपनं द्यावं. तो म्हणाला की टॉप-अप फक्त वरचं देतं, आणि खालीच काही नाही तर वर काय असणार? म्हणजे कपात चहा ओतलाच नाही, तर बशीत सांडेल काय? जावईबापू शेजारून मान हलवत होते. उदाहरण बरोबर निघाल्याचा आनंद त्यांना लपवता येईना.

पण खरी मेख पुढे. तो मुलगा तितक्याच नम्रपणे म्हणाला की तुमच्या नावापुढे आता "विनाकारण हॉस्पिटलात येणारी व्यक्ती" असा शेरा पडला आहे, आणि असा शेरा असलेल्यांची पॉलिसी पुढे वाढवली जात नाही. यांची मात्र आनंदानं वाढवून मिळेल. वन्सं, डोळ्यांपुढे आणा. मी सामान बांधून परत, आणि लेकीच्या बाळंतपणाला तुमचे बंधुराज. बाळाची आंघोळ, शेक, अंगाला तेल, रात्रीची जागरणं, सगळं त्या माणसाच्या हाती, ज्याला स्वतःच्या पायातले मोजे सापडत नाहीत. संध्याकाळी लेक दुपट्यांच्या घड्या उलगडून पुन्हा घालत बसली होती, त्याच त्याच. ते मला बघवेना. यांनाही बघवेना, हे म्हणाले, "मी करीन हो सगळं," आणि तिला खरंच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या फोनवर हॉस्पिटलचा निरोप आला. आमच्या सेवेला तुम्ही दहापैकी किती गुण द्याल? मी रागात निकाल लावत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बिल बाजूला ठेवलं आणि शांतपणे विचार केला. फरशी स्वच्छ होती, नर्स मृदू होती, पाणी गार होतं. खुर्च्या वाईट, बसवून ठेवणं वाईट, पडद्यावरचे नंबर उलटसुलट. समाधानकारक, सुधारणेला वाव. चार दिले.

तासाभरात फोन. हॉस्पिटलातले रुग्णांची विचारपूस करणारे साहेब. आवाज असा की त्यांच्याच घरात काहीतरी घडलंय. म्हणाले, बाई, आमच्या हातून असं काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तुमचं हॉस्पिटल चांगलं आहे. मग चार? मी म्हटलं, म्हणूनच चार. ते म्हणाले, सातच्या खाली गेलं की आमच्याकडे त्याला दुर्घटना म्हणतात, समिती बसते, मला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि चार तर आजवर कोणीच दिलेले नाहीत, ज्यांचा चुकीचा गुडघा उघडला त्यांनीसुद्धा सहा दिले होते. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या खुर्च्यांना मी चार दिले की समिती बसते, आणि माझ्या कुशीला मी चार दिले की मी बसते. मग ते हळूच म्हणाले, बाई, आपण दोघांनीही थोडं वाढवलं तर? तुम्ही आम्हाला आठ करा, मी डॉक्टरांशी तुमच्या आठांचं बोलून बघतो.

लेक माझ्याकडे आशेनं बघत होती. हे मागून म्हणाले, "अगं देऊन टाक ना आठ, तुझ्या काय खिशातून जातायत?" वन्सं, असली सौदेबाजी घेऊन पालक आपल्या शाळेच्या जिन्यानं वर यायचे आणि त्याच जिन्यानं मी त्यांना खाली पाठवायचे. माझ्या कारकिर्दीत मी एका पेपराची पुनर्तपासणी होऊ दिली नाही. एकदा दिलेला मार्क म्हणजे दिलेला शब्द. मी त्यांना सांगितलं की खुर्च्या बदला, पुढच्या खेपेला पाच देईन. फोन ठेवला. लेक उठून आत गेली आणि दार जरा जोरात लागलं. वाऱ्यानं असेल.

असं आहे सगळं. तत्त्वानं वागलं की माणूस एकटा पडतो, पण झोप शांत लागते (कालची सोडून). बाकी विशेष काही नाही. घरातल्या थोरांमध्ये तुम्ही एकट्याच उरलात, तेव्हा सगळे नमस्कार तुम्हालाच. आशीर्वाद खालच्या मजल्यावरच्या मुलांना वाटून टाका, आणि आमच्या बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालताना तिच्याशी बोलत उभ्या राहू नका, पाणी जास्त पडतं.

तुमची भावजय

ता.क. पत्र लिहिण्याचं कारण लिहायचंच राहिलं. त्या नम्र मुलाला मी पुन्हा फोन केला होता. तो म्हणतो, रुग्ण मुळातच दुखणं कमी सांगणारा आहे असं त्याला नोकरीच्या काळापासून ओळखणाऱ्या एखाद्या वरिष्ठ व्यक्तीनं लिहून दिलं, तर शेऱ्याचा पुन्हा विचार होऊ शकतो. माझ्या नोकरीत माझ्याहून वरिष्ठ असं माणूस एकच. (दिवस बघा कसे येतात.) तेव्हा कृपया मुख्याध्यापिका म्हणून शाईनं सही करून असं लिहून द्यावं की या बाईंनी आपल्या शाळेत गणित शिकवलं आणि यांच्या चारांना बाकीची शाळा आठ म्हणत असे. वाटल्यास तुम्ही माझे किती निकाल बदललेत त्याचाही दाखला द्या. अखेर त्याचा काही उपयोग होतोय. मात्र एक सांगून ठेवते. तुमच्या सवयीनं माझ्या दुखण्याचा एक मार्कही वाढवायचा नाही. चार होते, चारच राहतील. चार म्हणजे किती, एवढंच सांगायचं. आणि माझी स्तुती करू नका, खोटं वाटेल.

आणखी ता.क. वरचं लिहून पाकीट बंद केलं आणि जावईबापूंकडे टाकायला दिलं. आज तीन दिवसांनी ते त्यांच्या गाडीत, सीटखाली, रिकाम्या बाटलीशेजारी सापडलं. उघडलंच आहे तर कळवते की तुमचे बंधुराज रोज संध्याकाळी माझ्या खड्याची डबी घेऊन बागेत जातात आणि तिथल्या म्हाताऱ्यांना तो दाखवतात. त्या म्हाताऱ्यांची समजूत अशी आहे की खडा यांचा आहे. यांनी ती दूर केलेली नाही. काल विचारलं तर म्हणाले, "अगं, हॉस्पिटलात तर मीच होतो ना." कागदोपत्री त्यांचं बरोबर आहे.

शेवटचं ता.क. पाकीट पुन्हा उघडते आहे, अक्षर हललं तर समजून घ्या. लेक काल दुपारी बाळंत झाली. तारखेच्या आधीच, आमचा विमा संपायला अजून चार दिवस आहेत तेवढ्यात. मुलगी. दोघीही खुशाल. (या खुशालीला दंड नाही, मी आधी विचारून घेतलं.) कळा सुरू झाल्यावर नर्सनं तीच पट्टी पुढे केली आणि लेकीला विचारलं, किती? मी शेजारीच होते. म्हटलं, नीट विचार करून सांग. ती म्हणाली, "अकरा." दहापैकी अकरा, गणिताच्या बाईंची मुलगी. मी तोंड उघडलं होतं, पण तिनं माझं मनगट असं आवळलं की मी स्वतःच मनात माझ्या मनगटाला सहा दिले आणि गप्प बसले.

आता जे सांगते ते अक्षराचं वळण सोडून वाचा. इथे मूल जन्मल्याबरोबर त्याची परीक्षा घेतात. दहा मार्कांची. रंग, श्वास, नाडी, हालचाल, रडणं; पाच प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, सगळे प्रश्न अनिवार्य. इतकी नीटस प्रश्नपत्रिका मी फार वर्षांत बघितली नव्हती, आणि नर्सही कडक, हातचं राखून देणारी, अगदी माझ्या तालमीतली. तिनं नऊ दिले. तळपाय किंचित निळसर आहेत, म्हणाली, म्हणून एक कापला. तो सगळ्यांचाच कापतात, दहा कोणाला देत नाहीत. तत्त्व म्हणून मला पटायला हवं होतं. मग तिनं ती माझ्या हातात दिली, तुमच्याच वाकड्या कोपऱ्याच्या दुपट्यात गुंडाळून. मी तळपाय बघितले. दोन्ही.

तर वन्सं, आता मला चार दिवसांनी जाता येणार नाही. चार महिन्यांनीही जमेल असं वाटत नाही. हे पत्र आज मी स्वतः जाऊन कुरिअरनं टाकते आहे, प्रमाणपत्रही कुरिअरनं ताबडतोब पाठवावं, आणि त्यात आकडा मी सांगितला होता तो घालायची गरज नाही, तुम्हाला योग्य वाटेल तो घाला. तुमचा हात पहिल्यापासून सढळ आहे, हे मी सगळीकडे सांगत असते. त्या विचारपूसवाल्या साहेबांनाही आज आठ कळवले. बाळंतपणाचा विभाग वेगळा आहे, त्यामुळे तत्त्वाला बाध येत नाही.

आणि त्या नऊच्या बाबतीत मी पुनर्तपासणीचा अर्ज दिला आहे.